श्वास कसा आहे, वॅसिल?

आमचा खासदार हॅल मॅक्रेडी निवडणूक आली की माझ्या भावाला हटकून एकच प्रश्न विचारायचा. "श्वास कसा आहे, वॅसिल?" खांद्यावर हात ठेवून, डोळ्यांत बघून, अगदी घरच्यासारखा. आता वॅसिलला उत्तर द्यायचं म्हणजे आधी श्वास गोळा करायला लागायचा. कोळशाच्या धुळीने फुप्फुसं भरलेली, नाकात ऑक्सिजनची नळी, शेजारी चाकांवरचं सिलिंडर. तो खांदे वर उचलायचा, मान जराशी मागे टाकायचा, छातीत शिट्टी वाजायची, आणि त्याचं तोंड उघडेपर्यंत हॅल पुढच्या टेबलाशी पोचून कुणाच्या तरी नातवाचं कौतुक करत असायचा. वॅसिल तसाच आ वासून बसायचा, मग तोंड मिटायचा. मी समोर असायचे. माझ्या अंगाची नुसती लाही व्हायची.

मी थेक्ला, वॅसिलची धाकटी बहीण. आयुष्यभर बेकर्स फोर्कच्या शाळेची बस चालवली, त्यामुळे आवाज मोठा आणि तोंड फाटकं, असं लोक म्हणतात. खोटं नाही म्हणत. नवरा गेल्यापासून खाणकंपनीच्या जुन्या जोडघरात राहते. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला वॅसिल आणि त्याची बायको इर्मा. मधली भिंत इतकी पातळ की त्याचा श्वास मला इकडे ऐकू यायचा. ऐकू येत होता तोवर मी निर्धास्त असायचे.

हा माणूस कायम असा नव्हता, हे आधी सांगायला हवं. आमचे वडील खाणीत, त्यांचे वडील खाणीत, वॅसिल शाळा सुटल्या सुटल्या खाणीत. दिवसभर कोळसा आणि रविवारी चर्च. आमच्या चर्चमध्ये बाजाची पेटी नाही, वाद्य कसलंच नाही. एक माणूस पुढे उभा राहून स्वर लावतो आणि मग सगळे गातात. तो माणूस वॅसिल. त्याने स्वर लावल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही, पाद्रीसुद्धा हात बांधून थांबायचे. वॅसिल घाई कधी करत नसे. डोळे मिटायचा, छाती भरून घ्यायचा, आणि मग तो आवाज निघायचा. लहानपणी मला वाटायचं की रविवार सुरू होतो तो ह्याच्यामुळे.

इर्मा त्या आवाजावरच भाळली. दिसायला वॅसिल काही राजबिंडा नव्हता, कान तर असे बाहेर आलेले. मी तिला लग्नाआधी म्हटलं होतं, "बाई, विचार कर, हा घरात गाणार नाही, घोरणार आहे." ती म्हणाली, "स्वरात घोरेल." मूलबाळ झालं नाही त्यांना. त्याचं दुःख दोघांनी एकमेकांपासून लपवलं आणि दोघांनीही वेगवेगळं येऊन माझ्यापाशी सांगितलं.

मग खोकला आला. आधी सकाळचा, मग दिवसभराचा. एका ईस्टरला वॅसिल स्वर लावायला उभा राहिला, छाती भरून घेतली आणि ती भरेचना. सगळं चर्च थांबलं होतं. त्याने हळूच पुस्तक मिटलं आणि बाकावर येऊन बसला. परत कधी पुढे गेला नाही.

कंपनी म्हणाली, हा खाणीचा आजार नव्हे, सिगारेटचा. वॅसिलने जन्मात सिगारेट ओढली नाही. इर्माने रडत रडत हॅलच्या ऑफिसात फोन केला, आणि खरं ते खरं म्हणायला हवं, हॅलच्या माणसांनी पाठपुरावा करून करून वॅसिलला त्याची पेन्शन मिळवून दिली. हॅलने स्वतः फोन करून सांगितलं. त्या दिवसापासून इर्मासाठी एक देव वर आणि एक वॉशिंग्टनमध्ये.

हॅलची रीतच तशी होती. आमच्या मतदारसंघात नोव्हेंबरच्या निवडणुकीत त्याच्यासमोर उभंच कुणी राहायचं नाही. जी काय झुंज व्हायची ती वसंतात, पक्षातल्या पक्षात. तिला प्रायमरी म्हणतात. आणि वसंत म्हणजे आमच्याकडे ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस. शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून आगीचे बंब ठेवतात त्या हॉलमध्ये सगळ्या गावाला तळलेला मासा, आणि गुरुवारी चर्चच्या तळघरात आम्ही बायका त्या शुक्रवारच्या जेवणासाठी पिरोगी करायला बसतो. बटाट्या-चीजचं सारण भरायचं, पारी दुमडायची, कड दाबायची, उकळत्या पाण्यात सोडायची. हॅल गुरुवारी तळघरात हजर. कोट काढणार, बाह्या सारणार, ॲप्रन बांधणार, इर्माच्या शेजारी बसून चारदोन पिरोग्या करणार. बरोबरचा पोरगा फोटो काढणार.

"हॅल, तुझी आजी हे बघून काय म्हणाली असती?" मी विचारायचे.

"म्हणाली असती, पोरा, तू वॉशिंग्टनलाच जा," तो म्हणायचा. सगळ्या बायका खिदळायच्या. मीसुद्धा हसायचे, काय करणार. माणूस गोड होता.

त्याच्या पिरोगीची कड मात्र कधी नीट दाबलेली नसायची. पाण्यात सोडली की उघडून सगळा लगदा व्हायचा. म्हणून तो गेला की इर्मा त्याच्या पिरोग्या ओळखून बाजूला काढायची आणि एकेकीची कड पुन्हा दाबायची. गुपचूप, कुणाला न सांगता. मी एकदा म्हटलं, "टाकून दे की कचऱ्यात." ती म्हणाली, "आपल्या घरी आलेल्या माणसाने केलंय ते." दर प्रायमरीला हे असंच.

शेवटच्या वसंतात मात्र हॅलच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ट्रेंट विलोबी नावाचा, नदीपलीकडचा, गाड्यांच्या शोरूमवाला माणूस त्याच्या विरुद्ध उतरला. दात पांढरेशुभ्र, टीव्हीवर दर दहा मिनिटांनी तोच. म्हणायचा, मॅक्रेडी म्हातारा झाला, वॉशिंग्टनचा झाला. मग हॅलने आणखी जोर लावला. डोंगरामागच्या ज्या घरात जन्मला त्या घरासमोर उभा राहून जाहिरात केली. कुणाचं बारसं, कुणाचं दफन, कुठे शाळेचा बॅंड, कुठे चर्चची लॉटरी, सगळीकडे हॅल. विलोबीला चिमटे काढायचा, "त्याला आपल्या गावचा रस्ता विचारा, गाडी विकत देईल, रस्ता सांगणार नाही."

आणि त्याच वर्षी आमच्या दवाखान्याची बातमी आली. बेकर्स फोर्कला खाणकामगारांच्या छातीसाठी छोटा दवाखाना होता. वॅसिल आठवड्यातून दोनदा जायचा. तिथली नर्स त्याला वाफ द्यायची, श्वासाचे व्यायाम करून घ्यायची, पाठ थोपटून कफ मोकळा करायची. तिथून आला की दोन दिवस चेहऱ्यावर रंग असायचा. आता वरून म्हणत होते की पेशंट कमी, दवाखाना बंद करून डोंगरापलीकडच्या मोठ्या गावी नेऊ. त्या घाटातून वॅसिलला आठवड्यातून दोनदा नेणं म्हणजे त्याला मारायला नेण्यासारखंच होतं.

हॅल तळघरात आला तेव्हा इर्माने हात पुसले आणि सरळ विचारलं, "हॅल, दवाखाना राहणार का?"

त्याने तिचे दोन्ही हात धरले. "इर्मा, मी त्या खुर्चीत आहे तोवर त्या दवाखान्याच्या दाराला कुणी कुलूप लावणार नाही."

झालं. इर्मा पेटलीच. तिच्या डोक्यात एकच गणित, हॅल राहिला तर दवाखाना राहील, दवाखाना राहिला तर वॅसिल राहील. गुडघे दुखतात म्हणून चर्चमध्ये न वाकणारी बाई, आता टेकडीवरच्या घरांच्या पायऱ्या चढून दारं ठोठावायला लागली. तळघरातल्या सगळ्या बायकांना कामाला लावलं. मला म्हणाली, "तू गाडी चालव आणि तोंड बंद ठेव." मी गाडी चालवली.

हॅलच्या लोकांना वॅसिलचा फोटो हवा होता. दवाखान्याच्या पायऱ्यांवर, हॅल आणि खाणकामगार. वॅसिल मानेनेच नको म्हणाला. इर्माने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तर गेला बिचारा. तिथे एका पोरीने त्याच्या डोक्यावर हेल्मेट ठेवलं. नवं कोरं, पिवळंधमक. वॅसिलचं स्वतःचं जुनं हेल्मेट घरी खुंटीवर होतं. मी म्हटलं, आणते धावत. ती म्हणाली, "राहू दे आजी, ते फोटोत कळकट दिसेल." आजी म्हणाली मला. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

हॅल आला, वॅसिलच्या खांद्यावर हात ठेवला. "श्वास कसा आहे, वॅसिल?"

वॅसिलने खांदे उचलले, मान मागे टाकली. त्या दिवशी त्याला खरंच काहीतरी सांगायचं होतं, मला दिसत होतं. पोरगी म्हणाली, "असंच राहा, मस्त." कॅमेरा वाजला. हॅलने खांदा थोपटला आणि गाडीकडे गेला.

पुढच्या आठवड्यात तो फोटो सगळ्या गावाच्या टपालपेट्यांत. 'हॅल आपल्या माणसांसोबत.' फोटोत वॅसिलचं तोंड उघडं, हॅलकडे कृतज्ञतेने बघतोय असं वाटावं. लोक म्हणाले, वा, काय भाव आलेत. मला विचाराल तर तो श्वासासाठी धडपडणाऱ्या माणसाचा फोटो होता. वॅसिलने तो कागद बराच वेळ बघितला, घडी घातली आणि डळमळणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला.

मतदानाच्या दिवशी सकाळी इर्मा हॅलचा बिल्ला लावून बंबाच्या हॉलबाहेर उभी राहिली. पक्कं ठरवलेलं, दिवसभर लोकांना आत पाठवायचं, आणि संध्याकाळी आपण सगळ्या बायकांनी मिळून मत द्यायचं. वॅसिलला मी नेलं. सिलिंडर ओढत, दर चार पावलांवर थांबत तो आत गेला. लोकांनी रांगेत पुढे जाऊ दिलं तर नको म्हणाला. मत दिलं, बाहेर आला. इर्माने लांबूनच त्याला हात हलवला. तिचे डोळे भरून आले होते.

गाडीत बसल्यावर त्याने बराच वेळ श्वास जमवला. मी किल्ली फिरवली नाही. मला माहीत होतं, काहीतरी येतंय.

"विलोबीला... दिलं," तो म्हणाला.

मला वाटलं माझीच ऐकण्यात गडबड झाली. "कुणाला?"

"विलोबीला."

"डोकं फिरलंय का तुझं? ती बया तिकडे पाय मोडेस्तोवर उभी आहे. तुझ्यासाठी. दवाखाना बंद पडला तर काय करशील? त्या दातवाल्याला तर तू जिवंत आहेस हेही माहीत नाही."

"नाही ना... माहीत." त्याने हात वर केला, म्हणजे थांब, अजून आहे. मी थांबले. "हॅल... विचारतो. इतकी वर्षं... विचारतो. थांबत... नाही." मग पुन्हा शिट्टी, पुन्हा खांदे. "हा... विचारत तरी... नाही."

"आणि पेन्शन? ती हॅलने मिळवून दिली, ते विसरलास?"

"नाही... विसरलो. म्हणून... इतकी वर्षं... दिलं."

मला राग आला होता, पण कुणाचा ते कळेना. हॅलचा, त्याचा, की माझा. मी तरी किती वेळा म्हटलं होतं हॅलला की अरे बाबा थांब, ह्याला बोलू दे. एकदाही नाही. ज्या माणसाच्या स्वरासाठी सगळं चर्च थांबायचं, त्याच्यासाठी कुणी दोन क्षण थांबत नव्हतं, आणि हे त्याला इतकं लागलं होतं, हे शेजारी राहून मला कळलं नाही.

"इर्माला... नको सांगू," तो म्हणाला. मी नुसती मान हलवली आणि गाडी सुरू केली.

आता इर्माचं ऐका. आमच्या राज्यात प्रायमरीला ज्याचं नाव ज्या पक्षात, त्याला त्याच पक्षाची मतपत्रिका. हॅल आमच्या पक्षाचा, सगळं गाव पिढ्यान्‌पिढ्या त्याच पक्षाचं. पण आदल्या वर्षी रस्टी शेरीफच्या, म्हणजे इथल्या पोलीसप्रमुखाच्या, निवडणुकीला उभा होता, दुसऱ्या पक्षातून. रस्टी म्हणजे इर्माच्या चुलतबहिणीचा मुलगा. बाप्तिस्म्याला इर्मानेच त्याला हातांवर धरलं होतं, म्हणजे आमच्यात ती त्याची दुसरी आई. तो दारात आला, म्हणाला, मावशी, प्रायमरीत मतं कमी पडतायत, एवढ्यापुरतं नाव आमच्या पक्षात बदल ना. स्वतःचं मूल नसलेली बाई धर्माच्या मुलाला नाही म्हणणार? तिने बदललं, आणि तळघरातल्या जवळजवळ सगळ्या बायकांकडून बदलून घेतलं. मला म्हणाली तर मी म्हटलं, हा रस्टी माझ्या बसच्या सीटखाली च्युइंगम चिकटवायचा, मी बोटसुद्धा हलवणार नाही. रस्टी निवडून आला. आणि ह्या बायकांची आपली समजूत, की ते त्या एका निवडणुकीपुरतं होतं, झाल्यावर नाव आपोआप जागेवर येतं. रस्टी 'एवढ्यापुरतं' म्हणाला होता ना. मी तरी कुठे विचारलं, परत बदललं का म्हणून.

संध्याकाळी इर्मा बायकांना घेऊन हॉलमध्ये गेली. मी माझं मत द्यायला मुद्दाम त्यांच्याबरोबर थांबले होते. टेबलाशी आमचीच जोसेफीन बसली होती, चर्चमधली. तिने इर्माचं नाव शोधलं, चष्मा वर केला, परत खाली केला, आणि दुसऱ्या पक्षाची मतपत्रिका पुढे सरकवली.

"ही नव्हे गं, जोसी. आपली दे."

"इर्मा, तुझं नाव तिकडे आहे."

"ते रस्टीपुरतं होतं."

"पुरतं बिरतं काही नसतं. तू परत बदललंस का? मुदत कधीच गेली."

इर्माच्या छातीवर हॅलचा बिल्ला. मागे रांगेत सगळ्या जणी, त्यांच्याही छातीवर तेच. एकीने कुजबुजत दुसरीला विचारलं, "म्हणजे आपलं पण?" इर्माने ती मतपत्रिका हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. त्यावर हॅल नव्हताच. तिने ती कोरीच पेटीत टाकली आणि बाहेर येऊन पायरीवर बसली. मी आत जाऊन हॅलला मत दिलं. त्या तळघरातून हॅलला गेलेलं बहुतेक तेवढं एकच.

घरी आलो. वॅसिल खुर्चीत टेकून बसला होता. इर्माने बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि त्याला सगळं सांगितलं, एकदाही न रडता. शेवटी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "माझं गेलं वाया. जाऊ दे. तुझं तरी त्याला गेलं ना, तेवढं बरं झालं."

वॅसिलने माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे बघून मान हलवली. हो.

मी उठून माझ्या घरी आले. भिंतीपलीकडे त्याचा श्वास चालू होता. मी कान देऊन बसले.

हॅल पडला. सगळ्या मतदारसंघात मिळून काहीशे मतांनी. आमच्या बायकांनी एकजुटीने दिली असती तरी काही होणार नव्हतं, हे मी इर्माला उठता बसता सांगितलं. तिला पटलं नाही. ती म्हणायची, "प्रत्येक गावात एक इर्मा असेल."

उन्हाळा सरता सरता दवाखान्याला कुलूप लागलं. हॅल जानेवारीपर्यंत खुर्चीत होता खरा, पण पडलेल्या माणसाचं वर कोण ऐकतं. कुणी म्हणतं, हॅल जिंकला असता तर लागलं नसतं. कुणी म्हणतं, ते आधीच ठरलेलं होतं आणि हॅलला ठाऊक होतं. मला माहीत नाही. विलोबीकडे इर्माने फोन केला, तर एका मुलीने फार नम्रपणे ऐकून घेतलं आणि त्यावर काहीच झालं नाही. मग मी गाडी काढली. घाटातल्या प्रत्येक वळणावर वॅसिल खिडकीची दांडी धरून डोळे मिटायचा. तिथली नर्स चांगली होती, पण पोचेपर्यंतच हा अर्धा व्हायचा आणि परत येईपर्यंत उरलेला. हळूहळू दोनदाचं एकदा झालं, बर्फ पडायला लागल्यावर तेही गेलं. त्याने एका शब्दाने तक्रार केली नाही. एकदाच गाडीत मला म्हणाला, "माझं... मत. माझा... श्वास." मी म्हटलं, "बोलू नकोस, घाट आहे."

जानेवारीत एका सकाळी मी चहाला आधण ठेवलं आणि लक्षात आलं की भिंतीपलीकडून काही ऐकू येत नाही. मी गॅस बंद केला. इर्मा हाक मारेपर्यंत तिथेच उभी राहिले, कारण जोवर तिने हाक मारली नाही तोवर तो होता.

चर्च भरलं होतं. दफनाचं गाणं सुरू व्हायचं म्हणून सगळे उभे राहिले आणि कुणीच तोंड उघडेना. सवय. सगळे स्वराची वाट बघत होते. शेवटी पाद्रींनीच सुरुवात केली, फार खाली लागला त्यांचा स्वर, आणि आम्ही तसंच कसंबसं गायलो.

नंतरचं जेवण तळघरात. बायकांनी सकाळपासून पिरोग्या केल्या होत्या, तरी माणसं एवढी की पुन्हा करायला बसलो. इर्मासुद्धा बसली, रिकामे हात तिला सहन होत नव्हते. तेवढ्यात जिन्यावरून हॅल उतरला. एकटाच. ना पोरगा, ना कॅमेरा. बुटांना बर्फ, गालाची हाडं वर आलेली. त्या घाटातून, तसल्या हवेत, स्वतः गाडी चालवत आला होता. आता त्याला कुणाचं मत नको होतं. विलोबीकडून फुलं आली होती, त्यावरच्या चिठ्ठीत वॅसिलच्या नावात चूक होती.

हॅल इर्माजवळ बसला. ॲप्रन न बांधताच एक पारी घेतली, सारण भरलं, कड दाबली. मग दुसरी. तासभर बसला असेल. त्याच्या पिरोग्या तशाच होत्या, कड उघडी. इर्मा त्याच्यासमोरच त्या एकेक उचलून पुन्हा दाबायला लागली. त्याने ते पहिल्यांदाच पाहिलं.

"दरवेळी असं करायचीस?" त्याने विचारलं.

"दरवेळी."

तो खाली मान घालून हसला, आणि मग ते हसू राहिलं नाही. म्हणाला, "इर्मा, मी हरलो तेव्हा गावागावाचे आकडे बघत बसलो होतो. बेकर्स फोर्कचा आकडा बघून फार लागलं. पण मी बायकोला म्हटलं, कुणी काही करो, त्या घरातली दोन मतं माझी आहेत."

आता ही गप्प राहील तर बरं, असं मला वाटलं. पण इर्माला खोटं पचत नाही.

"दोन नव्हती, हॅल," ती म्हणाली, आणि रस्टीपासून कोऱ्या मतपत्रिकेपर्यंत सगळं सांगून मोकळी झाली. "माझं तुला नाही मिळालं. ते मला मरेपर्यंत खाणार आहे. पण वॅसिलचं होतं. दर चार पावलांवर थांबत आत गेला तो, सिलिंडर ओढत. तुझ्यासाठी."

हॅलने पिठाचे हात तसेच डोळ्यांना लावले. खांदे हलायला लागले त्याचे. खरं रडत होता. मी इतकी वर्षं माणसं पाहिली आहेत, मला कळतं. इर्मा त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. आपल्या नवऱ्याच्या दफनाच्या दिवशी ती त्याला समजावत होती.

"मला ठाऊक होतं," हॅल म्हणाला. "वॅसिल मला कधी नाही म्हणाला नाही."

माझ्या जिभेवर आलं. नाही म्हणायला त्याला श्वास गोळा करायला लागला असता, आणि तेवढा वेळ तू कधी थांबला नाहीस. अख्खं वाक्य तयार होतं, तोंड उघडलं होतं मी. मग इर्माचा तो पांढरा पिठाळ हात दिसला, त्याच्या काळ्या कोटावर.

हॅलने माझ्याकडे पाहिलं. थांबला. खरंच थांबला, वाट बघत.

"काही म्हणत होतीस, थेक्ला?"

"नाही," मी म्हटलं, आणि ताट त्याच्यापुढे सरकवलं. "खा. गार होतंय."